पाठीवरचा फुप्फुसांचा बिंदू: सुई कुठे टोचतात, कशासाठी आणि तिचा उपयोग कुठवर

गोव्यात माशेलला माझी मावशी राहते. वय चौसष्ट, आणि दमा जवळजवळ तीस वर्षांचा. मिरग लागला की तिचं घर बदलतं आणि तिचा श्वासही. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, नळ्याच्या छपराखालच्या वाशांना काळसर बुरशी येते, कपाटातल्या साड्यांना कुबट वास सुटतो. मग पहाटे चारच्या सुमारास तिच्या छातीत मांजराच्या पिलासारखी घरघर सुरू होते.

गेल्या पावसाळ्याआधी शेजारणीच्या सांगण्यावरून ती ॲक्युपंक्चरला जाऊ लागली. पहिल्या दिवशी घरी आली आणि सोप्यावर बसून तिने मला विचारलं, "अगो, श्वास अडकतो छातीत. मग सुया पाठीत कशाला टोचल्या?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी हा विषय वाचत आले, दोन-तीन जाणकारांना विचारत आले, आणि मावशीच्या पाठीवर अंगठा ठेवून शिकत आले. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते आहे. घरोघरी दमेकरी असलेल्या आपल्या या दमट मुलखात ते कुणाच्या तरी कामी येईल.

बिंदूचं नाव आणि गाव

मावशीला ज्या दोन जागी सुया टोचल्या त्यांचं चिनी नाव फेइशू. फेइ म्हणजे फुप्फुस. शू म्हणजे वाहून नेणं, पोचवणं. चिनी वैद्यकात पाठीवर मणक्यांच्या दोन्ही बाजूंना असे बरेच 'शू' बिंदू मानलेले आहेत, एकेका अवयवाचा एकेक. तिसऱ्या मणक्याशी फुप्फुस, पाचव्याशी हृदय, नवव्याशी यकृत, अकराव्याशी प्लीहा, बाराव्याशी जठर, आणि खाली कमरेच्या दुसऱ्या मणक्याशी मूत्रपिंड.

जगभरचे ॲक्युपंक्चर करणारे या बिंदूला 'बीएल १३' म्हणतात. बीएल म्हणजे ब्लॅडर, मूत्राशय. फुप्फुसाचा बिंदू मूत्राशयाच्या खात्यात कसा, असं मलाही वाटलं होतं. कारण साधं आहे. चिनी कल्पनेप्रमाणे शरीरावरून चौदा मुख्य मार्ग जातात आणि त्यातला सर्वांत लांब मार्ग मूत्राशयाच्या नावाचा. तो डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघतो, डोक्यावरून मागे वळतो, पाठीवरून दोन समांतर ओळींनी उतरतो आणि पायाच्या करंगळीशी संपतो. वाटेत ६७ बिंदू. पाठीवरचे सगळे शू बिंदू याच वाटेवर आहेत, म्हणून त्यांचे क्रमांकही त्याच वाटेचे. एखाद्याचं घर म्हापशाच्या रस्त्यावर असलं म्हणून तो म्हापसेकर होत नाही, तसंच हे.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंच्या जागा एकसारख्या ठरवून छापल्या. त्याआधी देशोदेशी काही बिंदूंच्या जागांवरून मतभेद होते. पण हे लक्षात ठेवावं की जागा ठरवणं वेगळं आणि गुण ठरवणं वेगळं. त्या पुस्तकामुळे बिंदू कुठे आहे एवढं पक्कं झालं. तो काय करतो, याचा निकाल त्यात नाही.

अंगठ्याने शोधायचा कसा

हे मी मावशीच्या पाठीवर करून पाहिलं. तिला स्टुलावर बसवलं, हात मांडीवर सैल सोडायला सांगितले, मान पुढे वाकवायला लावली. मानेच्या बुडाशी एक हाड ठळक वर येतं. ते बहुतेकांत मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका. खात्री करायची तर त्यावर बोट ठेवून मान हळू डावी-उजवीकडे वळवायला सांगावी. बोटाखाली जो हलतो तो सातवा, त्याच्याखाली जो हलत नाही तो पाठीचा पहिला. तिथून खाली मोजत तिसऱ्यावर यायचं.

मावशी अंगाने भरलेली, तिचे मणके चटकन हाताला लागत नाहीत. तेव्हा दुसरी खूण उपयोगी पडते. खांद्याच्या पात्यावर, ज्याला काही जण फरा म्हणतात, एक आडवी हाडाची कड असते. हात खाली सोडून बसलं असता त्या कडेचं आतलं टोक साधारण तिसऱ्या मणक्याच्या पातळीत येतं.

पातळी मिळाली. आता मणक्यापासून बाजूला किती सरकायचं? पुस्तक सांगतं दीड त्सुन. त्सुन हे ज्याचं त्याच्या शरीराचं माप. आपल्या स्वतःच्या अंगठ्याची मधल्या सांध्यापाशी जेवढी रुंदी, तेवढा एक त्सुन. म्हणजे धिप्पाड माणसाचा त्सुन मोठा आणि लहान मुलाचा लहान. पाठीच्या मध्यरेषेपासून पात्याच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर तीन त्सुन धरतात. दीड त्सुन म्हणजे त्याच्या बरोबर मध्यावर. आपली आजी वीत आणि चार बोटं असं मोजायची, त्याच जातीचं हे माप आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. सेंटिमीटर सगळ्यांना सारखे, पण पाठी सारख्या नसतात.

मध्यावर अंगठा टेकवून मी जरा दाबलं आणि मावशी म्हणाली, "तिथेच. तिथेच गो. दाब आणखी."

हे 'तिथेच' फार जुनं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यक ग्रंथात, त्याच्या लिंगशू नावाच्या भागात, पाठीच्या शू बिंदूंवर एक छोटं प्रकरण आहे. बिंदू मिळाला की नाही हे कसं ओळखावं, तर जागा दाबून पाहावी, आतून प्रतिसाद आला आणि दुखणं हलकं झालं तर तोच बिंदू, असं तिथे सांगितलं आहे. आणि त्याच्या पुढचंच वाक्य वाचून मी थबकले. या जागांना शेक द्यावा, सुई मात्र टोचू नये. दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्य पाठीच्या या भागात सुईला घाबरत होता. का, ते पुढे येईलच.

तिथेच का?

चिनी वैद्यकाचं म्हणणं असं: फुप्फुस हा सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत नाजूक अवयव. नाक हे त्याचं दार, कातडी ही त्याची राखण. बाहेरचा वारा आणि गारवा शरीरात शिरतो तो मानेच्या मागून आणि पाठीच्या वरच्या भागातून. फेइशूच्या एक मणका वर जो बिंदू आहे त्याचं नावच फंगमन, म्हणजे वाऱ्याचं दार.

हे वाचताना मला आमची आजी आठवली. पावसात भिजून आलो की ती आधी डोकं नाही, पाठ पुसायची. "पाठीक वारं लागता" म्हणत मानेपासून पात्यांच्या मधोमध पंचा घासायची आणि मग खोबरेल तेल कोमट करून तिथेच चोळायची. तिने चीनचं नावही क्वचितच ऐकलं असेल. पण गारवा पाठीतून शिरतो ही समजूत दोन्हीकडे होती. समजूत सारखी म्हणजे ती खरी, असं मी म्हणत नाही. सर्दी विषाणूंनी होते, वाऱ्याने नाही. पण आजारी माणसाला त्या जागी काहीतरी जाणवतं, एवढं दोन्हीकडच्या माणसांनी पाहिलं होतं.

ते काय जाणवतं, हे आधुनिक शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर दोन गोष्टी हाती लागतात.

पहिली मज्जातंतूंची. फुप्फुसांकडे जाणारे अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जातंतू, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या नसा, पाठीच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवरूनच निघतात. त्या पातळीच्या कातडीची आणि स्नायूंची संवेदनाही मज्जारज्जूच्या त्याच भागात पोचते. म्हणून आतल्या अवयवाचं दुखणं बाहेर पाठीवर उमटू शकतं, आणि बाहेरून दिलेली चेतना आतल्या यंत्रणेपर्यंत काही प्रमाणात जाऊ शकते, असा तर्क मांडतात. तर्क चांगला आहे. पण माणसाच्या श्वासनलिकांच्या स्नायूंना अनुकंपी तंतूंचा थेट पुरवठा फार कमी असतो. नळ्या आवळण्याचं काम मुख्यतः व्हेगस नावाची वेगळी नस करते, आणि ती डोक्याकडून येते. नळ्या सैल होतात त्या रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनलिनने, किंवा पंपातल्या औषधाने. तेव्हा 'तिसऱ्या मणक्याशी सुई आणि थेट नळी उघडली' इतकं सरळ हे नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त पटते. ती स्नायूंची. दमेकरी माणूस श्वास घेताना खांदे वर ओढतो. छातीचा पिंजरा उचलायला मानेचे आणि खांद्यांचे स्नायू राबतात. वाकून, हात टेकून बसल्याने पात्यांच्या मधले स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. वर्षानुवर्षं हे चाललं की तिथे दगडासारख्या गाठी येतात. फेइशूच्या कातडीखाली हेच थर आहेत. तिथे दाबलं, शेकलं किंवा बारीक सुई घातली आणि ते स्नायू सैल पडले, तर श्वास घेण्याचे कष्ट कमी वाटणार. नळी तेवढीच अरुंद असेल, पण ओढण्याची दमछाक घटेल. मावशीचं "तिथेच" मला वाटतं याच जागेतून येत होतं.

सुई, आणि तिची भीती

ॲक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. भरीव असते आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या तीन-चार पट जाड. शिरताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत एक जड, बोथट, पसरत जाणारी संवेदना येते. चिनी लोक तिला दछी म्हणतात, 'छी आली'. छी म्हणजे त्यांच्या कल्पनेतली प्राणशक्ती. मावशीने तिचं वर्णन केलं ते असं: "कोणीतरी आतून ओला कपडा पिळल्यासारखं." वीस-पंचवीस मिनिटं सुया तशाच ठेवतात.

आता त्या जुन्या ग्रंथाची भीती. फेइशूच्या खाली कातडी, चरबी, स्नायूंचे थर, मग बरगड्या आणि बरगड्यांच्या मधून लगेच फुप्फुसाचं आवरण. बारीक चणीच्या माणसात हे अंतर फारच थोडं असतं. सुई सरळ आणि खोल गेली तर आवरणाला भोक पडून छातीत हवा शिरते आणि फुप्फुस मिटतं. डॉक्टर त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. निरोगी माणसालाही ते जड जातं. ज्याची फुप्फुसं आधीच दुबळी त्याच्या तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून आजच्या पुस्तकांत नियम आहे: इथे सुई तिरपी घालायची, टोक मणक्याकडे, आणि खोली अर्धा ते पाऊण त्सुन. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात फुप्फुसाला इजा झालेले रुग्ण दोन होते. म्हणजे शिकलेल्या हाताने हे क्वचितच घडतं. पण ते सगळे टोचणारे प्रशिक्षित डॉक्टर होते, हे विसरू नये. सुया लावल्यानंतर काही तासांत, अगदी दुसऱ्या दिवशीही, एका बाजूला छातीत टोचू लागलं, धाप वाढली, कोरडा खोकला सुरू झाला, तर 'सुईचा गुण येतोय' म्हणून घरी बसायचं नाही. सरळ इस्पितळात जायचं आणि पाठीत सुया टोचल्या होत्या हे सांगायचं. हे सांगितलं नाही तर डॉक्टर दम्याचाच झटका समजू शकतात.

पंप सोडलेले ते तीन आठवडे

मावशीला पहिल्या चार-पाच वेळांनी खूपच बरं वाटू लागलं. पाठ मोकळी, झोप लागते, चालताना थांबावं लागत नाही. तेव्हा तिथे टोचणाऱ्यांनी तिला सांगितलं की आता रोजचा पंप हळूहळू बंद करा, त्याची सवय लागते. मावशीच्या मनात ही भीती आधीपासून होतीच. आपल्याकडे ती प्रत्येकाच्या मनात आहे. तिने हळूहळू नव्हे, दुसऱ्या दिवशीच पंप कपाटात ठेवला. आम्हाला कुणालाच सांगितलं नाही.

दम्यात श्वासनळीचं तीन प्रकारे बिघडतं. नळीभोवतीचा स्नायू आवळतो, आतलं अस्तर सुजतं, आणि चिकट कफ साचतो. निळा पंप, साल्ब्युटामॉलचा, फक्त स्नायू सैल करतो. तो काही मिनिटांत काम करतो आणि काही तासांत उतरतो. रोजचा पंप, ज्यात ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड अगदी थोड्या मात्रेत असतं, तो सूज धरून ठेवतो. त्याने घेतल्याक्षणी काही जाणवत नाही, आणि सोडल्याक्षणीही काही जाणवत नाही. दिवस जातात, आठवडा जातो, सूज आतल्या आत वाढत राहते. माणसाला वाटतं, बघा, पंपाशिवाय चाललंय की.

श्रावणात, तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोन वाजता तिला एक वाक्य पुरं बोलता येईना. आम्ही तिला उठवून बसवलं, निळा पंप दिला, गाडी बोलावली. इस्पितळात मास्क लावून वाफेचं औषध दिलं आणि सकाळपर्यंत ती सावरली. त्या रात्री रस्त्यावर पाऊस असा होता की गाडीचा पुढचा दिवा दोन हातांपलीकडे पोचत नव्हता. तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो.

सुईने तिला बरं वाटलं होतं हे खोटं नव्हतं. ती मला शपथेवर सांगत होती आणि माझा तिच्यावर विश्वास होता. मग असं कसं झालं? याचं उत्तर मला एका चाचणीत मिळालं, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

बरं वाटणं आणि नळी उघडणं

२०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दमेकऱ्यांवरचा एक प्रयोग छापला. ३९ जणांनी तो पुरा केला. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टी आळीपाळीने मिळाल्या: खरा पंप, औषध नसलेला खोटा पंप, कातडीत न शिरणाऱ्या सुयांचं खोटं ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही, नुसतं बसून राहणं. प्रत्येक वेळी दोन गोष्टी मोजल्या. एक, यंत्रावर फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते. दोन, रुग्णाला स्वतःला किती बरं वाटलं.

यंत्राने सांगितलं: खऱ्या पंपाने हवा २० टक्क्यांनी वाढली. बाकी तिन्हींनी साधारण ७ टक्के, म्हणजे खोटा पंप, खोट्या सुया आणि नुसतं बसणं यांत फरक नाही.

रुग्णांनी सांगितलं: खऱ्या पंपाने ५० टक्के बरं वाटलं. खोट्या पंपाने ४५ टक्के. खोट्या सुयांनी ४६ टक्के. नुसतं बसून २१ टक्के.

हे आकडे मी कितीदा तरी पुन्हा वाचले. माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखर बरं वाटत होतं, पण नळी तेवढीच अरुंद होती. श्वासाची जाणीव आणि श्वासाचं माप या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दम्यात पहिली सुधारली म्हणून दुसरी सुधारली असं धरून चालणं घातक आहे. हा प्रयोग खऱ्या सुयांचा नव्हता, त्यामुळे फेइशूचा निकाल त्यातून लागत नाही. पण 'मला बरं वाटतं' हा पुरावा दम्यात पुरेसा का नाही, हे त्यातून उघड दिसतं.

खऱ्या सुयांबद्दल काय? दम्यावरच्या १२ चाचण्या, सगळे मिळून ३५० रुग्ण, यांचा आढावा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, २००४ साली घेतला. शिफारस करावी इतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. दुसरीकडे जपानमध्ये सीओपीडीच्या ६८ रुग्णांवर एक नेटकी चाचणी झाली, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. सीओपीडी म्हणजे वर्षानुवर्षांच्या विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने खराब झालेली फुप्फुसं. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा सुया. टोचलेल्या बिंदूंमध्ये आपला फेइशूही होता. निम्म्या लोकांना खोट्या सुया. सहा मिनिटं चालल्यावर लागणारी धाप खऱ्या सुयांच्या गटात स्पष्टपणे कमी झाली. सगळ्यांची नेहमीची औषधं चालू होती.

मला हे असं दिसतं: धापेची जाणीव, स्नायूंची दमछाक, घाबरेपणा, यांवर या सुयांचा काही उपयोग असू शकतो. सुजलेल्या नळीवर तो आहे असं म्हणायला आधार नाही. आणि धाप कमी वाटणं ही काही लहान गोष्ट नाही. जो रोज जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबतो त्याला विचारा.

मावशीसाठी मी पीक फ्लो मीटर आणला. प्लास्टिकची नळी, बाजूला सरकणारा काटा, जोरात फुंकायचं, तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तिचा चांगल्या दिवसातला आकडा ३००. आता ती दुसरीकडे जाते, तिथल्या डॉक्टरीणबाई औषधं पाहूनच सुया लावतात. एकदा मी सोबत गेले. सुयांआधी २१०. पंचवीस मिनिटांनी सुया काढल्या, चेहरा शांत, खांदे उतरलेले, आकडा २१५. मग निळ्या पंपाचे दोन झोत स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ डब्यातून, वीस मिनिटांनी २६५. मावशीने स्वतः ते आकडे पाहिले. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

बाकी थोडं

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. ते शल्यविशारद होते. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती इथे आणली. केंद्र सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. आपल्याकडे कुणाकडेही जाताना शिक्षण कुठे झालं, सुया एकदाच वापरून टाकतात का, आणि पाठीवर किती खोल टोचता, हे तीन प्रश्न तोंडावर विचारावेत. जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं.

चीनमध्ये फेइशूवर लेपही लावतात. हिवाळ्यातला आजार उन्हाळ्यात बरा करावा या विचाराने, वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवसांत, साधारण जुलैच्या मध्यापासून, दहा-दहा दिवसांच्या अंतराने. पांढऱ्या मोहरीची पूड आणि इतर औषधी आल्याच्या रसात कालवून. आपल्याकडे तेव्हा आषाढाची झड लागलेली असते. व्हिडिओ पाहून घरची मोहरी वाटून पाठीवर बांधू नये. मोहरीने कातडी भाजते, फोड येतात. कापूर घातलेलं तेलही दोन वर्षांखालच्या बाळांना लावू नये. कापूर अंगात मुरला तर बाळाला झटके येऊ शकतात. मोठ्या दमेकऱ्यांतही कित्येकांना त्याच्या उग्र वासाने खोकला सुटतो.

अंगठ्याने दाबायला मात्र हरकत नाही. कोमट खोबरेल तेल लावून, दोन्ही बाजूंच्या फेइशूवर अंगठे टेकवून, सोसेल एवढा दाब, श्वास सोडताना थोडा जास्त, असं दोन-तीन मिनिटं. मी मावशीला संध्याकाळी करते. हाडं ठिसूळ असलेल्या म्हाताऱ्या माणसांना जोर लावू नये.

आणि झटका आलेला असताना यातलं काहीच करू नये. एका दमात वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ-नखं निळसर दिसतात, निळा पंप घेऊनही उतार नाही, किंवा मीटरचा काटा चांगल्या आकड्याच्या निम्म्याखाली आहे, तर १०८. गाडी येईपर्यंत माणसाला ताठ बसवून निळा पंप स्पेसरमधून देत राहायचं.

मावशीची एक वही आहे, गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेसोबत फुकट आलेली. तिने त्यात उभी रेघ मारून दोन रकाने केले आहेत. एकावर 'आकडो', दुसऱ्यावर 'कशें दिसता', म्हणजे कसं वाटतं. चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर, तिने पहिल्यात २७० लिहिलं होतं आणि दुसऱ्यात, 'पाठ जड, श्वास बरो. पंप घेतला. शुक्रारा सुयो.'